मोजायच्या आधी मी शेड झाडली

पोतं रिकामं करणं हे काम लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. चाकणच्या शेडमध्ये मी उभा जन्म तेच केलं, म्हणून सांगतो. मिक्सरच्या तोंडावर एक मोठं नरसाळं असतं. पोत्याचा कोपरा कापायचा, तोंड नरसाळ्याच्या पार तळाशी न्यायचं आणि मग पोतं हळूहळू मागं ओढायचं. माल पडता कामा नये, सरकला पाहिजे. तान्ह्या पोराला हातावरून बिछान्यावर सरकवतात तसा. रिकामं पोतं झटकायचं नाही, आतल्या आत गुंडाळायचं. झटकलं की संपलं. सगळी शेड पिठाच्या गिरणीसारखी होते. नव्या पोरांना मी शिकवायला गेलो की ती हसायची, पण माझ्या जागेशेजारी दुपारी कोणी डबा उघडला तरी भाकरीवर कण पडत नसे. ह्या हाताला धूळ नाही, असं माझं नाव होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं दुसरं कशात नाव व्हायचं?

आधी आम्ही प्लॅस्टिकच्या दाण्यांत खडूची पावडर मिसळायचो. मग एक वर्षी परदेशातून काळी पावडर यायला लागली. पोतं उशीएवढं आणि वजनाला कापसासारखं. त्यावर लांबलचक इंग्रजी नाव होतं, आम्ही त्याला काजळ म्हणायला लागलो. चिमूटभर काजळ मिसळलं की प्लॅस्टिकमधून वीज जाते, आणि मोटारीच्या पेट्रोलच्या नळीत ठिणगी पडत नाही, असं मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं. ह्याचा एकेक कण म्हणे एवढा बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्यालाच नॅनो म्हणतात. मी म्हटलं, असू दे. खडू काय आणि काजळ काय, पोतं ते पोतंच.

माझा जोडीदार तसं म्हणत नव्हता. जोडीदार म्हणजे नरसाळ्याच्या पलीकडच्या बाजूला उभा राहणारा. हा जालन्याकडचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, राहायला माझ्याच काळेवाडीत, दोन गल्ल्या पलीकडं. कंपनीच्या बसमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. बोलका गडी. सगळ्यांच्या नकला करायचा, माझीसुद्धा, माझ्यासमोर. काजळ आल्यावर दोनेक वर्षांत त्याला खोकला लागला. सुका. बोलता बोलता थांबायचा, मान खाली घालायचा, खोकला ओसरू द्यायचा आणि तिथूनच पुढं बोलायचा. डॉक्टर म्हणाले, कशानंही असू शकतं. तो म्हणायचा, काजळानं. खरं काय ते मला ठाऊक नाही, आणि आजही कुणाला ठाऊक आहे असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट त्यानं धरून ठेवली होती. नरसाळ्यावर झाकण आणि धूळ ओढून घेणारा पंखा बसवा, असं तो प्रत्येक मीटिंगला उठून बोलायचा.

शेवटी मॅनेजरसाहेब म्हणाले, "हे बघा, असल्या पावडरी किती सुरक्षित आहेत हे आता पाचसहा देश मिळून मोजणार आहेत. आपल्या देशातनं त्यांनी आपली शेड घेतलीये. आकडा जास्त आला तर पंखा बसेल. माझा शब्द. कमी आला तर मात्र हा विषय बंद."

जोडीदार खूष. बसमध्ये माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "दादा, आता बगा. सायबाला आमचं पटंना, यंत्राचं तर पटंल का न्हाई?"

आता खोटं कशाला लिहू, मला तो पंखा नकोच होता. पंखा बसला म्हणजे कुणीही यावं आणि पोतं रिकामं करावं. मग माझ्या हाताचं काय राहिलं? हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

मोजायच्या आदल्या दिवशी पाहुणे मॅनेजरसाहेबांबरोबर आम्हाला भेटायला कँटीनमध्ये आले. एक पांढऱ्या केसांची परदेशी बाई, एक चिनी की कोरियन दिसणारा तरुण, आणि पुण्याच्या एका संस्थेतल्या मॅडम. मॅडम मराठी बोलणाऱ्या. त्यांनीच समजावून सांगितलं. प्रत्येक देशानं आपापल्या परीनं मोजायचं आणि दुसऱ्याचं मानायचं नाही, असं आजवर चालायचं. त्यात वेळ जातो, प्रयोगातले उंदीर-मासे उगाच मरतात. म्हणून आता सगळ्यांनी एकाच रीतीनं, एकाच जातीच्या यंत्रानं मोजायचं. एकानं एकदा नीट मोजलं की बाकीच्यांनी ते मानायचं, परत मोजायचं नाही.

मला ते पटलं. आमच्याकडं खेड तालुक्यात पूर्वी एका गावच्या पंचांनी दिलेला निवाडा आजूबाजूची गावं मानायची. मी तसं बोललो. मॅडमनी ते त्या बाईला इंग्रजीत सांगितलं आणि बाईनं माझ्याकडं बघून मान हलवली. तिनं उलट काहीतरी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांचं एकच म्हणणं आहे, उद्या अगदी रोजच्यासारखं काम करा. वेगळं काहीच नको."

"रोजच्यासारखंच करतो आमी," मी म्हटलं.

"मग झालं तर, काका."

एका माणसाच्या कॉलरला, हवा ओढून कण गोळा करणारा छोटा पंप लावायचा होता. सुपरवायझरनं कागदावर जोडीदाराचं नाव लिहिलं होतं. माझं डोकं फिरलं. शेडमध्ये सगळ्यात जुना मी, आणि परदेशी पाहुण्यांसमोर हा पोती झटकणारा उभा राहणार?

"नाव खोडा," मी म्हटलं.

सुपरवायझर म्हणाला, "अहो, पंपच लावायचाय, हार नाही घालायचा."

जोडीदारानं मला बाजूला घेतलं. "दादा, माझं नाव ऱ्हाऊ द्या. माझ्या हातानं धुरळा उडतो, तेच मोजू द्या त्येंला."

"आणि शेडचं नाव जाऊ द्यू?"

तो म्हणाला, "बरं. तुमीच घाला हार."

नाव खोडलं गेलं. माझं लिहिलं गेलं.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा वेडा होता. पण तुम्ही कधी ऑडिट बघितलंय का? चाकणच्या पट्ट्यात ज्यानं काम केलंय त्याला विचारा. ऑडिटवाले येणार म्हटलं की पिवळे पट्टे नव्यानं मारतात, सगळ्यांना कोरे मास्क वाटतात आणि ते गेले की मास्क मोजून परत घेतात. बाहेरचा माणूस आला की आपण पास व्हायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. आणि मी तर शाळेत कधी धड पास झालो नव्हतो. मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे. परीक्षा त्या काजळाची होती, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी बसची वाट बघितली नाही. मिळेल त्या गाडीनं उजाडायच्या वेळेला शेडवर पोचलो. वॉचमन ओळखीचा, त्यानं आत सोडलं. लांब बांबूला झाडू बांधला आणि दिवाळीला जळमटं काढतात तशी शेड वरून खाली झाडायला घेतली. पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. तिथून काजळाचे थरच्या थर खाली आले. मग मिक्सरच्या मागची बाजू, खिडक्यांच्या चौकटी, शेवटी फरशी. तोंडाला पंचा बांधला होता, तो काळा झाला. घाम निथळत होता, पण शेड अशी निघाली होती की बघत राहावं.

पहिल्या शिफ्टची बस आली. जोडीदार दारातच थांबला.

"दादा, लगीन हाय का काय शेडमंदी?"

"पाव्हणे यायचेत."

"आन् नवरदेव कोन, तुमी का?" असं म्हणून तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला ढास लागली. दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी झाडू लपवला आणि हातपाय धुऊन आलो.

थोड्याच वेळात पाहुणे आले. त्यांनी नरसाळ्याजवळ टेबलावर एक पेटी ठेवली. ती हवा आत ओढायची आणि कण मोजायची. मॅडम म्हणाल्या, अर्धा तास कुणी कामाला हात लावू नका, पेटीला नुसतं चालू दे. आम्ही भिंतीला टेकून बसलो. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात बारीक काहीतरी तरंगत होतं, ते मी बघितलं. बघितलं आणि सोडून दिलं. फरशी चकचकीत होती ना.

मग पंप माझ्या कॉलरला लावला. एरवी एका शिफ्टला चाळीस पोती रिकामी व्हायची. त्या दिवशी मला आठच दिली, सावकाश करा म्हणाले. राव, मी ती आठ पोती जशी रिकामी केली, तशी आयुष्यात केली नाहीत. एक कण उडू दिला नाही. परदेशी बाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिच्या पांढऱ्या कोटाला डाग नाही. शेवटचं पोतं गुंडाळून ठेवलं तेव्हा त्या तरुण पाहुण्यानं अंगठा वर केला. मी जोडीदाराकडं बघितलं. तो पलीकडं हात बांधून उभा होता. त्याला त्या दिवशी पोत्याला हात लावू दिला नव्हता.

निकाल यायला बरेच महिने गेले. तोवर माझं वय झालं म्हणून कंपनीनं मला थांबायला सांगितलं होतं. निरोपाच्या दिवशीच मॅनेजरसाहेबांनी निकाल वाचला. पोतं हातानं रिकामं करताना हवेत जे मिसळतं, ते नसल्यातच जमा आहे. "आणि काका," ते म्हणाले, "सगळ्या देशांत आपल्या शेडचा आकडा सगळ्यात कमी!" मला शाल आणि नारळ दिला. टाळ्या पडल्या. जोडीदारानंही वाजवल्या. पंख्याचा विषय त्या दिवशी बंद झाला आणि माझी जागा त्याला मिळाली.

ती शाल मी अंगावर घेऊनच घरी आलो. भर उन्हाळ्यात. गल्लीतल्या लोकांनी विचारावं म्हणून.

पुढल्या वर्षी पुण्याच्या मॅडमचा फोन आला. राजगुरुनगरला एका हॉलमध्ये कामगारांसाठी कार्यक्रम ठेवलाय, काका, तुम्ही या, तुमचा अनुभव सांगा. मी शाल घेऊन गेलो. माझ्या आधी मॅडम बोलल्या. कामाची धूळ कशी मोजतात, हे त्यांनी मुद्दाम सोप्या भाषेत सांगितलं. हवेत काहीतरी कायमच असतं, रस्त्याचं, धुराचं. ते कामाच्या माथी मारायचं नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी अर्धा तास मोजायचं. मग काम चालू असताना मोजायचं. दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. उरेल ती कामाची धूळ.

वजाबाकी मला येते. चौथीत तेवढं एकच बरं यायचं.

माझी पाळी आली तेव्हा मी उठून एवढंच म्हणालो की माझा घसा बसलाय. खाली बसलो. चाकणवरून घरी येणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून मी ती वजाबाकी पुन्हा पुन्हा केली. पहिल्या अर्ध्या तासात हवेत होतं ते मी कैच्यांवरून पाडलेलं. म्हणजे पहिला आकडा मी फुगवला. आणि दुसरा, हाताची करामत दाखवून, मीच दाबला. फुगवलेलं दाबलेल्यातून वजा झालं, उरणार काय? माझ्या झाडूनं त्याचा पंखा खाल्ला. शेडच्या खिडकीतल्या उन्हातलं ते तरंगणं मला तेव्हा दिसलं होतं की. दिसलं नव्हतं असंही म्हणता येत नाही.

दोन दिवस मी शाल बाहेर काढली नाही. घरची म्हणाली, शाल हरवली का काय? तिसऱ्या दिवशी पुण्याला मॅडमच्या संस्थेत गेलो आणि सगळं सांगितलं. बिचारीच्या तोंडावरचा रंग उडाला.

"काका, हे तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी इचारलं का?"

त्यांनी कपाटातून कागद काढला. विचारलं होतं. मोजण्याआधी साफसफाई झाली का, असा रकानाच होता. त्यापुढं आमच्या सुपरवायझरनं लिहिलं होतं, नेहमीप्रमाणे. त्याचाही दोष नाही. पाहुणे येणार म्हणून झाडणं आमच्याकडं नेहमीचंच.

मॅडम म्हणाल्या, लेखी द्या. कंपनीलाही सांगा. कंपनीची तयारी असेल तर परत मोजता येईल.

मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो. गेटवर तासभर बसवलं. ज्या गेटातून मी एवढी वर्षं गेलो तिथं मला पास लिहायला लावला. भेटायचं कारण ह्या रकान्यात काय लिहावं सुचेना. वॉचमननंच लिहिलं, वैयक्तिक.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, शाल घेताना गोड लागलं ना?"

"शाल परत आणलीये," मी म्हटलं आणि पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

"शाल ठेवा तुमच्याकडं. शेड परत बंद ठेवायला वेळ आहे का माझ्याकडं? आणि एकदा मोजलेलं सगळ्यांनी मानायचं, हेच तर ठरलंय. तुम्हालाच पटलं होतं ना ते? पंचांचा निवाडा वगैरे?"

माझाच दाखला त्यानं माझ्या तोंडावर मारला. मी शाल तिथंच सोडून आलो.

पण पत्र मी लिहिलं. नात म्हणाली, तुम्ही सांगा, मी टाइप करते. मी नाही म्हटलं. माझ्या चुकीचं पत्र माझ्याच अक्षरात गेलं पाहिजे. चार वेळा कागद फाडला. पंपासाठी जोडीदाराचं नाव खोडायला मीच लावलं, सकाळी शेड मी झाडली, पोती आठच होती आणि मी रोजच्यासारखं काम केलं नाही, हे सगळं ओळीनं लिहिलं आणि खाली सही केली. मॅडमनी त्याचं इंग्रजी करून परदेशी पाठवलं. जोडीदाराला मी पत्र वाचून दाखवलं. नाव खोडल्याचं वाचताना माझी जीभ अडखळली. तो म्हणाला, "म्हाईत हाय की ते मला. पुढचं वाचा." झाडल्याचं ऐकल्यावर म्हणाला, "मला वाटलं व्हतं, तुमच्या हातामुळं पंखा गेला. ते मी गिळलं व्हतं, दादा. हात चांगला असनं काय गुन्हा न्हाई. पन झाडू व्हय?"

उत्तर ह्या पावसाळ्यानंतर आलं. मॅडमनी मला बोलावून कागद हातात दिला आणि बोट ठेवून समजावला. देशादेशांचा तक्ता होता. प्रत्येक शेडपुढं आकडा. आमच्या शेडपुढं पूर्वी सगळ्यात लहान आकडा होता. तिथं आता आडवी रेघ होती. खाली बारीक अक्षरात एक ओळ, की ह्या ठिकाणी आधीची हवा भरवशाची नव्हती, म्हणून माप वगळलं.

"मंग परत मोजनार?"

"मी खूप मागं लागले, काका. कंपनी परवानगी देत नाहीये आणि त्यांच्याकडचं काम पुढच्या पावडरीवर गेलंय." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "पण तुमच्या पत्राची त्यांनी दखल घेतली. मोजायच्या रीतीत नवा नियम घातलाय. मोजण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी झाडलोट करायची नाही. आता सगळे देश हा नियम पाळतील. तुमच्यामुळं."

सगळे देश पाळतील. मी कागद घडी करून खिशात ठेवला. बसस्टॉपपर्यंत चालताना मला कुणाला तरी चार शिव्या द्याव्याशा वाटत होत्या, पण कुणाला द्यायच्या ते ठरेना. बाई खरी वागली, मॅडम खऱ्या वागल्या. साहेबाला द्याव्यात तर त्याच्या टेबलावर माझी शाल पडलेली. आधी आमच्या शेडचा खोटा आकडा होता, तेव्हा निदान कुणीतरी तो खोडून काढू शकलं असतं. रेघेला काय खोडणार?

संध्याकाळी काळेवाडीत चहाच्या टपरीवर जोडीदार भेटला. पहिली शिफ्ट करून आला होता, नखांच्या कडा काळ्या. आता तो पूर्वीसारखा सलग बोलत नाही, दोन-दोन शब्द बोलतो. मी त्याला कागद दाखवला, रेघ दाखवली.

"म्हंजी आता आपली शेड... कागदावर न्हाईच?"

"शेड हाय. माप न्हाई."

"आन् पंखा?"

"जास्त आला तर पंखा, कमी आला तर न्हाई, असं साहेब बोलले व्हते. रेघ आली तर काय, ते बोलले न्हाईत."

तो हसला. मग मान खाली घातली, बाकड्याची कड धरली आणि खोकला ओसरू दिला. मी चहाकडं बघत बसलो. त्याचं झाल्यावर मी त्याला नव्या नियमाचं सांगितलं आणि बजावलं, "हे बघ, पुन्हा कधी कुणी मोजायला आलं, तर काय बी झालं तरी शेड झाडायची न्हाई. आदल्या दिवशी न्हाई, सकाळी न्हाई. ध्यानात ठेव."

त्यानं कप खाली ठेवला.

"चाळीसची साठ पोती झालीत, दादा," तो म्हणाला. "झाडायला येळ कुनाला हाय?"